अरुंद पडद्यावरील अनुक्रम

(न्यासाच्या हीरकमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला आमचा विषय बसलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वेबसाईटवरील मजकुराचे निरनिराळे खंड मोबाईलच्या पडद्यावर कोणत्या क्रमाने यावेत, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा आहे. तो त्याने पाहून घ्यावा, त्याकरिता सभा कशाला भरवायची, असे कोणी म्हटले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु आपल्या न्यासाची वेबसाईट या महोत्सवी वर्षात नव्याने उभारण्याचे विश्वस्तांनी ठरविले आहे. आणि त्या कामाचा जो भाग कारागिरावर सोपवून मोकळे होता येत नाही, तो नेमका हाच, असे आमचे नम्र मत आहे. रंग कोणता घ्यावा, अक्षराचे वळण कोणते असावे, हे तो ठरवील. आधी कोण आणि मागून कोण, हे मात्र संस्थेलाच ठरवावे लागते. कारण संस्था कोणासाठी चालविली आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या क्रमात उघड होत असते.

प्रथम हा प्रश्न उद्भवतो कसा, ते पाहू. संगणकाचा पडदा रुंद. त्यावर वर्तमानपत्राच्या पानासारखे तीन रकाने सहज मावतात. डावीकडे अनुक्रमणिका, मध्ये परिचय व वृत्तांत, उजवीकडे सूचना, अशी मांडणी पुष्कळ संस्थांच्या वेबसाईटवर आढळते. वाचणाऱ्याची नजर क्षणात तिन्हीकडे फिरते आणि त्याला हवे ते तो उचलतो. मोबाईल उभा धरला की पडदा जेमतेम चार बोटे रुंद. त्यावर एकच रकाना मावतो. मग ते तीन रकाने एकाखाली एक येऊन बसतात. आधी डावा सबंध, मग मधला सबंध आणि अखेरीस उजवा. संगणकावर जी सूचना वृत्तांताच्या शेजारी, अगदी डोळ्यांसमोर होती, ती मोबाईलवर वृत्तांत संपल्यानंतर पानाच्या तळाशी जाते. शेजार संपतो आणि रांग सुरू होते. शेजारात मोठा-धाकटा असा भेद झाकून राहतो. रांगेत कोणीतरी पहिला आणि कोणीतरी शेवटचा असावाच लागतो.

आपल्या लग्नपत्रिकेकडे पाहा. वर गजाननाचे स्मरण, मग कुलदैवते, मग आजोबा-पणजोबांपासून काका-मामांपर्यंत नावांची मालिका, आणि तळाशी मुहूर्त व कार्यस्थळ. या क्रमाने कोणाचे कधी अडले नाही, कारण पत्रिका हातात घेतली की सबंध दिसते. ज्याला मुहूर्त हवा तो थेट खाली पाहतो. तीच पत्रिका जर खिडकीच्या फटीतून, एका वेळी चार ओळी, अशी वाचावी लागली तर? मुहूर्त कळेपर्यंत वाचणारा अर्ध्यावरच थकेल. मोबाईलचा पडदा ही ती फट आहे. आपल्या पुष्कळशा संस्थांनी लग्नपत्रिकेचा क्रम त्या फटीमागे तसाच ठेवून दिला आहे.

एक उदाहरण सांगतो. एका शिक्षणसंस्थेची वेबसाईट आमच्या पाहण्यात आली. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. संगणकावर तिचे पहिले पान देखणे होते. उजव्या रकान्यात सर्वांत वर, लाल अक्षरांत, शिष्यवृत्तीची सूचना आणि अर्जाची अखेरची तारीख. कार्यालयातील मंडळींनी ती आपल्या टेबलावरील संगणकावर पाहिली आणि त्यांचे समाधान झाले. तेच पान आम्ही मोबाईलवर उघडले. प्रथम बोधचिन्ह, मग आपोआप सरकणारी समारंभांची छायाचित्रे, मग वीस-बावीस दुव्यांची यादी, मग संस्थापकांचा परिचय, अध्यक्षांचे मनोगत, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, आणि या सर्वांच्या खाली ती लाल सूचना. तिथवर पोचण्यासाठी एकोणीस वेळा अंगठा फिरवावा लागला. त्या वर्षी अर्ज फार थोडे आले, यावरून मुलांची परिस्थिती आता सुधारली असावी, असा तर्क संस्थेच्या बैठकीत निघाला होता! आम्हांस तो तर्क पटला नाही. ज्या घरात संगणक आहे त्या घरातील मुलाला ती सूचना पहिल्या क्षणी दिसत होती. ज्या घरात वडिलांचा एकच मोबाईल आहे, त्या घरातील मुलाला ती दिसत नव्हती. शिष्यवृत्ती दोघांपैकी कोणासाठी ठेविली होती, हे आपण जाणता.

आणखी एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे दोन वाजले आहेत. खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेले कुटुंब इथल्या सर सयाजीराव जनरल इस्पितळाच्या आवारात बसले आहे. कोणीतरी त्यांना सांगते की, अमक्या न्यासाची शववाहिनी मोफत मिळते. त्या माणसाच्या हातात मोबाईल आहे, त्याची बॅटरी संपत आली आहे, डोळे भरलेले आहेत. तो न्यासाचे नाव शोधून पान उघडतो. अशा वेळी त्याला पहिल्याने काय दिसावे? या एका प्रश्नापुढे आजचे बाकीचे सारे विवेचन दुय्यम आहे. पण त्याचे उत्तर प्रत्यक्षात कसे आणावे, यासाठी थोडे आत शिरावे लागेल.

वेबसाईटचे पान मुळात असते कसे? टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि १९९१ साली पहिली वेबसाईट लोकांस खुली झाली. त्या पहिल्या पानांना रकाने नव्हते. मजकूर आरंभापासून शेवटापर्यंत सलग. पडदा अरुंद असला तर ओळी आखूड होत, एवढेच. पुढे लोकांना वर्तमानपत्रासारखी शोभिवंत पाने हवीशी झाली. तेव्हा आकडेवारीसाठी असलेल्या कोष्टकांच्या घरांत मजकूर कोंबून रकाने तयार करण्याची रीत पडली, आणि मजकुराचा क्रम व पानाचा देखावा यांची गाठ बसली. ती सोडविण्यासाठी देखाव्याच्या सूचना मजकुरापासून अलग ठेवाव्यात, अशी योजना हॉकोन विउम ली यांनी १९९४ साली सुचविली. १९९६ च्या डिसेंबरात तिला प्रमाणरूप मिळाले. हीच सीएसएस. मजकूर एचटीएमएल या लिपीत लिहावयाचा आणि त्याचा पोशाख सीएसएसने सांगावयाचा, अशी ही वाटणी.

जुन्या पोथीची पाने सुटी असतात. ती चौरंगावर कशीही पसरली तरी प्रत्येक पानावर अंक असतो, म्हणून वाचणारा चुकत नाही. एचटीएमएलमध्ये जो खंड आधी लिहिला तो पहिला, पुढचा दुसरा, हा पोथीचा पत्रांकच समजा. आपण यास मूळ क्रम म्हणू. सीएसएस ही चौरंगावरची मांडामांड. तिने डोळ्यांना जो क्रम दिसतो त्यास दिसता क्रम म्हणू. हे दोन शब्द ध्यानात ठेवले की विषय अर्धा संपला.

२००७ साली आयफोन आला, तेव्हा संगणकासाठी केलेली रुंद पाने आकसून सबंध दाखविण्याचा मार्ग त्याने धरला. अक्षरे मुंगीएवढी होत. वाचणाऱ्याने दोन बोटांनी ती मोठी करावीत आणि पान इकडून तिकडे ओढीत बसावे. २०१० च्या मे महिन्यात इथन मार्कोट या अमेरिकन आरेखकाने एका लेखात निराळा मार्ग सांगितला. पान एकच असावे आणि पडद्याची रुंदी पाहून त्याने आपली मांडणी बदलावी. आज बहुतेक नव्या वेबसाईट याच रीतीने बांधतात. पण या रीतीत एक मेख आहे. अरुंद पडद्यावर रकाने मोडले की ते सामान्यतः मूळ क्रमाने एकाखाली एक येतात. ज्याने मूळ क्रमाचा विचारच केला नाही, त्याचे पान मोबाईलवर वाकडे उतरते, आणि त्याला वाटते की मोबाईलनेच काही घोटाळा केला.

याचे अगदी नेहमीचे उदाहरण घ्या. संस्थेच्या कार्याचा परिचय द्यावयाचा आहे. संगणकावर पहिल्या ओळीत डावीकडे वसतिगृहाचे छायाचित्र व उजवीकडे त्याची माहिती. दुसऱ्या ओळीत शोभेसाठी उलट, म्हणजे डावीकडे दवाखान्याची माहिती व उजवीकडे छायाचित्र. तिसऱ्या ओळीत पुन्हा डावीकडे वाचनालयाचे छायाचित्र व उजवीकडे माहिती. नागमोडी मांडणी म्हणून ती सुंदर दिसते. मोबाईलवर काय होते? वसतिगृहाचे छायाचित्र, वसतिगृहाची माहिती, तिच्याखाली लगेच दवाखान्याची माहिती. मग दवाखान्याचे छायाचित्र आणि त्याला चिकटून वाचनालयाचे छायाचित्र. अखेर वाचनालयाची माहिती. दोन मजकूर एकत्र, दोन चित्रे एकत्र. कोणाचे चित्र कोणाचे, हे वाचणाऱ्याने ओळखावे! दवाखान्याच्या चित्राखाली पुस्तकांची कपाटे दिसली तर त्याने काय समजावे?

यावर योग्य उपाय सोपा आहे. मूळ क्रमात तिन्ही ठिकाणी एकच शिस्त ठेवावी. मथळा, छायाचित्र, माहिती. मोबाईलवर हा क्रम आपोआप शुद्ध उतरतो. रुंद पडद्यावर नागमोडी शोभा हवी असेल तर तेवढ्या रुंदीपुरती सूचना देऊन दुसऱ्या ओळीच्या बाजू फिरवाव्यात. म्हणजे अरुंद पडदा हा पाया आणि रुंद पडदा हा वरचा मजला. ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २०११ साली ‘मोबाईल फर्स्ट’ या पुस्तकात हाच उलटा विचार पुढे ठेविला. आरंभच अरुंद पडद्यापासून करावा, म्हणजे कशाला जागा द्यायची आणि कशाला नाही, याचा निर्णय टाळता येत नाही.

आता एका शॉर्टकटाविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. सीएसएसमध्ये ‘ऑर्डर’ नावाची एक सोय आहे. प्रत्येक खंडाला एक अंक द्यावा. ज्याचा अंक लहान तो आधी दिसतो. कोणताच अंक दिला नाही तर सर्वांचा अंक शून्य धरला जातो आणि मूळ क्रम राहतो. एखाद्याला ऋण एक दिला की तो सर्वांच्या वर चढतो. कारागिराला ही सोय फार प्रिय. कारण मूळ मजकुराला हात न लावता तळाची सूचना क्षणात माथ्यावर आणता येते. विश्वस्त मोबाईलवर पाहतात, सूचना वर दिसते, काम झाले असे सर्वांना वाटते.

परंतु ती फक्त डोळस माणसाच्या डोळ्यांपुरती वर आलेली असते. दृष्टिहीन माणूस मोबाईल वापरतो तो ऐकून. अँड्रॉईडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉईसओव्हर हे कार्यक्रम पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितात. संगणकावर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा कार्यक्रम तेच करतो. हे वाचक साधारणतः मूळ क्रमाने चालतात. म्हणजे डोळस माणसाला सूचना प्रथम दिसते आणि अंध विद्यार्थ्याला ती स्नेहसंमेलनाचा वृत्तांत ऐकून झाल्यावर ऐकू येते. हाताच्या व्याधीमुळे जो माणूस बोटाऐवजी कळफलकाच्या टॅब कळीने एकेका दुव्यावर जातो, त्याचीही तीच गत. त्याची खूण पडद्यावर वरून खाली, खालून पुन्हा वर, अशी उड्या मारीत फिरते. सीएसएसच्या प्रमाणग्रंथातच बजावले आहे की, ‘ऑर्डर’ची योजना केवळ दिसण्यापुरती करावी, अर्थाचा क्रम बदलण्यासाठी ती वापरू नये. वेबची प्रमाणे ठरविणाऱ्या वर्ल्ड वाईड वेब कन्सॉर्शियमने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या नियमावलीत, अर्थपूर्ण अनुक्रम राखला जावा आणि कळफलकाने फिरताना अर्थाची संगती सुटू नये, हे दोन्ही नियम अगदी पहिल्या, म्हणजे किमान पायरीवर घातले आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्या देशात २०१६ साली झाला, तोही माहिती सर्वांस सुगम असावी असेच सांगतो. धर्मादाय संस्थेला कायद्याची आठवण करून द्यावी लागू नये. तरी दिली, याबद्दल क्षमा असावी.

आणि हा प्रश्न केवळ दिव्यांगांचा आहे असेही नाही. या सभागृहात ज्येष्ठ मंडळी बहुसंख्य आहेत. आपणांपैकी कित्येक जण संगणकावरही अक्षरे मोठी करून वाचतात. १२८० टिंबे रुंद असलेला पडदा चौपट मोठा केला की वाचणाऱ्याच्या वाट्याला ३२० टिंबांची रुंदी उरते, म्हणजे एका लहान मोबाईलएवढी. २०१८ साली त्याच नियमावलीत जी भर पडली तिच्यात, ३२० टिंबांच्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा, अशी अपेक्षा नोंदविली आहे. म्हणजे मोबाईलसाठी लावलेला क्रम संगणकापुढे बसलेल्या आजोबांच्याही कामी येतो. एक शिस्त पाळली की तिचा लाभ तिघांना होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. क्रम लावावा कसा? आम्ही चार कसोट्या सुचवितो.

पहिली कसोटी निकडीची. ज्याला थांबायला वेळ नाही, त्याचे काम सर्वांत वर. रुग्णवाहिका, शववाहिनी, रात्री उतरण्याची सोय, यांचे दूरध्वनी क्रमांक न्यासाच्या नावाखाली लगेच असावेत. क्रमांक चित्रात लिहू नये. चित्रातील आकड्यावर बोट ठेवून फोन लावता येत नाही, आणि वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाला तो वाचता येईलच असेही नाही. तो साध्या अक्षरांत, बोट ठेवताच फोन लागेल असा असावा.

दुसरी कसोटी मुदतीची. ज्या सूचनेला अखेरची तारीख आहे ती त्यानंतर, आणि तारीख मथळ्यातच. मुदत संपताच ती सूचना वरून काढावी. गतवर्षीची सूचना माथ्यावर मिरविणारे पान पाहून वाचणारा समजतो की इथे कोणी राहत नाही.

तिसरी कसोटी सोबतीची. जे एकमेकांचे आहे ते एकमेकांपासून तोडू नये. शिष्यवृत्तीची माहिती, पात्रता, लागणारे कागद आणि अर्जाचा दुवा ही चारही एका खंडात, याच क्रमाने. संगणकावर अर्जाचे बटण शेजारच्या रकान्यात टाकले आणि मोबाईलवर ते तीन खंड सोडून खाली गेले, तर वाचणाऱ्याला ते कशाचे बटण हेच कळणार नाही.

चौथी कसोटी नेहमीच्या व नव्या पाहुण्याची. वीस दुव्यांची अनुक्रमणिका रोजच्या माणसाला उपयोगी. नव्याला ती भिंत वाटते. मोबाईलवर ती तीन आडव्या रेघांच्या बटणात मिटून ठेवण्याची रीत रूढ आहे आणि ती चांगली आहे. मात्र निकडीच्या गोष्टी त्या बटणात दडवू नयेत. तीन रेघांचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक असतोच असे नाही.

या कसोट्यांनी आपल्या न्यासाचे पहिले पान असे लागेल: न्यासाचे नाव व कार्य एका ओळीत, तातडीचे क्रमांक, मुदतीच्या सूचना, मग वसतिगृह, शिष्यवृत्ती, रुग्णसाहाय्य यांचे एकेक स्वयंपूर्ण खंड, मग देणगी कशी द्यावी, मग वृत्तांत व छायाचित्रे, आणि शेवटी इतिहास, विश्वस्त मंडळ व देणगीदारांची नामावली.

हे ऐकताच काही भुवया वर गेल्या, ते आम्ही पाहिले. ज्यांनी न्यास उभारला त्यांचे नाव शेवटी? यावर आमचे उत्तर आपल्याच घरच्या रीतीतून देतो. पंगत बसते तेव्हा आधी पाहुणे जेवतात; यजमान वाढतो, आग्रह करतो आणि सर्वांत मागून पानावर बसतो. त्यामुळे यजमानाचा मान कमी झाला, असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. किंबहुना जो यजमान पहिल्या पंगतीला पाट धरून बसतो, त्याच्याविषयी लोक मागाहून काय बोलतात ते आपण जाणता. देणगीदारांना त्यांचे स्वतंत्र, देखणे पान द्यावे; पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा ठळक दुवा असावा. ज्याने खरोखर गरजूंसाठी पैसा दिला, त्याला आपल्या नावाआधी रुग्णवाहिकेचा क्रमांक पाहून समाधानच वाटेल.

दुसरी एक सूचना नेहमी पुढे येते की, मोबाईलवर पान लांबते, तेव्हा काही खंड तिथे दाखवूच नयेत. हे आम्हांस मान्य नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले. तेव्हापासून कित्येक घरांत मोबाईल आला, पण संगणक आलाच नाही. त्यांच्यासाठी मोबाईल हाच पहिला पडदा आणि हाच शेवटचा. त्यावर जे वगळले ते त्यांच्यापुरते अस्तित्वातच नाही. जो मजकूर मोबाईलवर अनावश्यक वाटतो, तो संगणकावर तरी आवश्यक आहे का, हे आधी विचारावे. गूगलनेही २०१६ साली आपला इरादा जाहीर करून वेबसाईटची पारख तिच्या मोबाईलवरील रूपावरून करण्यास आरंभ केला आणि २०२३ साली तो पालट पूर्ण झाल्याचे सांगितले. म्हणजे मोबाईलवर जे नाही ते शोधणाऱ्याला सापडणेही दुरापास्त.

तिसरी सूचना याहून घातक. संगणकासाठी एक आणि मोबाईलसाठी एक, अशा एकाच सूचनेच्या दोन प्रती ठेवाव्यात. ज्याची पाळी असेल ती दाखवावी, दुसरी लपवावी. पहिल्या दिवशी हे चालते. दोन महिन्यांनी अर्जाची मुदत वाढते, कारकून संगणकावरची तारीख बदलतो, आणि मोबाईलवरची जुनीच राहते. अर्धे लोक वाढलेली मुदत वाचतात, अर्धे मुदत संपली म्हणून परत फिरतात. मजकूर एकच असावा, एकाच ठिकाणी असावा. बदलावी ती फक्त मांडणी.

पान तयार झाले म्हणजे विश्वस्तांनी ते स्वीकारण्यापूर्वी काय पाहावे? त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. प्रथम, कार्यालयातील संगणकावरच वेबसाईट उघडून तिची खिडकी कडेने ओढीत अरुंद करीत जावी. रकाने कसे मोडतात आणि कोण कोणाखाली जातो, हे डोळ्यांदेखत दिसते. दुसरे, साध्या, कमी किमतीच्या मोबाईलवर, उन्हात उभे राहून पान उघडावे. तिसरे, टॉकबॅक चालू करावा, डोळे मिटावेत आणि पान ऐकावे. ऐकताना जो क्रम विस्कळीत वाटेल तोच मूळ क्रमातला दोष. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याने ही वेबसाईट कधी पाहिली नाही अशा माणसाच्या हाती मोबाईल द्यावा आणि म्हणावे, “आमच्या वसतिगृहाचा अर्ज शोधून दाखवा.” मग गप्प बसावे. तो कुठे थांबतो, कुठे मागे फिरतो, हे पाहावे. त्याला मदत करण्याचा मोह आवरावा. रात्री दोन वाजता त्याच्या शेजारी आपण नसणार.

या चार परीक्षा वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक मोठ्या फेरफारानंतर कराव्यात. कारण क्रम एकदा लावला की कायमचा लागला, असे होत नाही. नवा समारंभ झाला की कोणीतरी म्हणतो, “एवढी छायाचित्रे वर घाला.” पुढच्या महिन्यात दुसरा काही घालतो. कोणाचीही बुद्धी वाईट नसते; पण सहा महिन्यांत तातडीचे क्रमांक पुन्हा तळाला जातात. म्हणून आमची अशी विनंती आहे की, पहिल्या पानाचा क्रम विश्वस्त मंडळाने ठरावाने निश्चित करावा, आणि त्यात बदल करावयाचा झाल्यास तोही ठरावानेच व्हावा. घटनेत जशी उद्दिष्टे लिहिलेली असतात, तसाच हा क्रम म्हणजे त्या उद्दिष्टांचे दिसते रूप आहे.

हे सारे वडोदऱ्याला नवे वाटू नये. १९१० साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून ग्रंथ पाठविण्याची, फिरत्या ग्रंथालयांची सोय झाली. त्या पेटीत सारे ग्रंथभांडार मावणे शक्यच नव्हते. गावातल्या वाचकाला काय हवे याचा विचार करूनच ती भरावी लागे. मोबाईलचा पडदा ही आपल्या काळातील तशीच पेटी आहे. ती लहान आहे याची तक्रार करण्यात अर्थ नाही. ती उघडताच वरच्या थरात काय हाती लागावे, एवढे ठरविणे आपल्या हाती आहे.

आपल्या न्यासाने साठ वर्षे जी सेवा केली, ती दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देऊन, मग नाव विचारून. आता पुष्कळ माणसे दारात येण्यापूर्वी पडद्यावर येतात. त्यांचेही स्वागत त्याच क्रमाने व्हावे, एवढीच आमची प्रार्थना.